ऊनचुन्यावरचे पापड

खवट तेलाची मला जन्माची शिसारी आहे. शिळं अन्न मी खाते, प्रयोगशाळेत गंधकाच्या वासात चार-चार तास बसले आहे, पण खवट तेल म्हटलं की उमासा येतो. त्यामुळे त्या मे महिन्यात जाऊबाईंनी नव्या वाळवणातला पापड तळून माझ्या ताटात ठेवला आणि मी पहिला तुकडा मोडून तोंडात टाकला, तेव्हा मला मोरीपर्यंत पोचायलाही सवड मिळाली नाही. मी सरळ ताटातच थुंकले.

ही गोष्ट दोन हजार सदतीस सालची, आमच्या धामणखेड्याची. गावाच्या एका अंगाला वीजघर, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या तीन उघड्या खाणी, आणि वर्षातले आठ महिने डोक्यावर एक ढग नाही. मी, इंदू बावणे, गावच्या एकुलत्या एक हवा तपासणी केंद्रात नमुना सहायक आहे. हवेत काय काय आहे ते मोजायचं, महिन्याच्या महिन्याला अहवाल करायचा आणि खाली सही ठोकायची, हे माझं काम. जाऊबाई, म्हणजे माझे मोठे दीर होते त्यांच्या पत्नी कौसल्याबाई, त्याच घरात खाली राहतात. आमच्या गल्लीचं उन्हाळी वाळवण त्यांच्या हुकमतीत चालतं. अकरा बायका, चाळीस किलो उडीद, आणि आमची सामाईक गच्ची. त्यांचा पापड खवट निघणं म्हणजे गल्लीत भूकंपच.

चौकशी लगेच सुरू झाली. आधी तेलावर संशय गेला, मग उडदावर, मग चक्कीवाल्यावर. कुरडया मात्र चांगल्या होत्या, त्यांना काहीही झालं नव्हतं. हे जाऊबाईंनी स्वतःच मला सांगितलं, आणि मीही मूर्खासारखी ते ऐकून सोडून दिलं. खरं तर तिथेच मला सगळं कळायला हवं होतं. पापडाच्या पिठात तेल असतं, कुरडईत नसतं.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. गुन्हेगार ठरली समीक्षा, जाऊबाईंची सून. चोवीस वर्षांची, रसायनशास्त्रातली पदवी घेतलेली, लग्न होऊन जेमतेम सात महिने झालेली पोर.

"तेल नवं होतं, उडीद चांगला होता," जाऊबाई म्हणाल्या. "मंग पापडाले झालं काय? हे चार दिवसात असताना गच्चीवर गेली. सावली पडली वाळवणावर."

समीक्षा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काकी, मी वर गेलीच नाही ना. जिन्यातूनच टोपली देली."

जिन्यातूनही सावली पडते, असं एका बाईने ठरवलं आणि बाकीच्या नऊ जणींनी माना डोलावल्या. त्यातल्या दोघी शाळेत शिकवतात. समीक्षाला गच्चीवर यायची बंदी झाली, आणि पुढे ती बंदी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचली. मला पापडापेक्षा याची किळस जास्त आली. मी जाऊबाईंना तोंडावर सांगितलं की हा अडाणीपणा आहे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की तुम्ही शिकलेल्या आहात, तर मग पापड कशानं खवटला ते सांगा. मला सांगता आलं नाही. म्हणूनच मी कामाला लागले.

आता ऊनचुन्याबद्दल सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने अर्ध्या गावाच्या भिंती आणि गच्च्या एका पांढऱ्या रंगाने रंगवून घेतल्या होत्या. लोक त्याला ऊनचुना म्हणत. शोध आमच्या डोंगरवार सरांचा. कॉलेजात त्यांनी मला तीन वर्षं शिकवलं, त्यांच्याच शिफारशीने मला ही नोकरी लागली, आणि त्यांच्या हाताखाली शिकले हे मी आजवर मिरवत आले. ऊनचुन्याचं तत्त्व सोपं आहे. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे कण असतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर बसावेत. उन्हातला अतिनील भाग अशा कणावर पडला की कणातला एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि तिथे खड्डा पडतो. कण मग हावरा होतो. तो खड्डा भरायला पृष्ठभागावर बसलेल्या पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओरबाडून घेतो, आणि त्या पाण्यातून हायड्रॉक्सिल नावाचा एक तुकडा सुटतो. हा तुकडा क्षणभरच जगतो, पण त्या क्षणात समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. वीजघराच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आले की त्यांचं नायट्रेट करून भिंतीलाच चिकटवून टाकतो. कण स्वतः झिजत नाही. ऊन आहे तोवर भिंत हवा साफ करत राहते.

पहिला हात कुठे मारायचा यावर तेव्हा बरीच चर्चा झाली होती. शेवटी ठरलं की हवेचं काम आहे, तर शुभारंभ हवेच्या केंद्रापासूनच व्हावा. आमच्या केंद्राच्या गच्चीवर मांडव पडला, नारळ फुटला, कुंकवाचं स्वस्तिक निघालं, नगराध्यक्षांनी कुंचला बुडवून पहिला हात मारला. सर मला म्हणाले, "इंदू, दुसरा हात तुझा." मी नवी साडी नेसून गेले होते. ती पदराला पांढरी झाली, तरी मला धन्य वाटत होतं. दुपारपर्यंत रंगाऱ्यांनी अख्खी गच्ची, कठडा आणि भिंती रंगवून काढल्या. हवा आत ओढणारी आमची नळी त्याच गच्चीवर होती, रंगापासून जेमतेम हातभर उंचीवर.

पुढच्या महिन्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडचं प्रमाण चाळीस टक्क्यांनी उतरलं. मी सही केली. गावाने पेढे वाटले.

आता मेमध्ये मी आमच्या घरच्या गच्चीवर गेले ती पापडांचं प्लास्टिक तपासायला. तिलाही ऊनचुनाच होता. दुपारचे दोन, ऊन सत्तेचाळीस अंशांचं. पापड रंगाला टेकलेले नव्हते, खाली जाड प्लास्टिक होतं. पण प्लास्टिकवर बोट फिरवलं तर बोटाला पांढरी भुकटी आली. पापड उचलून बघितला, त्याच्यावरही तीच. प्लास्टिक उडू नये म्हणून जाऊबाई सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ताणून बांधतात. त्या पट्ट्या यंदा मार्चमध्ये नव्या कापल्या होत्या, आणि आता आडव्या चिरांनी भरल्या होत्या. एखादी जरा ओढली की तुटत होती. ताणलेल्या रबराला अशा आडव्या चिरा कशाने पडतात हे मला पाठ आहे, कारण परीक्षेत डोंगरवार सरांनी तोच प्रश्न घातला होता. ओझोनने पडतात.

केंद्रातलं ओझोन मोजायचं यंत्र पावणेदोन वर्षं बंद होतं. दुरुस्तीची पत्रं माझ्या फायलीत होती, उत्तरं नव्हती. अहवालात त्या रकान्यासमोर मी दर महिन्याला 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून मोकळी होत असे. मग मी कपाटातून जुनी काचेची नळकांडी काढली, पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण केलं आणि एक छोटा पंप घेऊन घरी आले. हवा या द्रावणातून बुडबुडत नेली की ओझोन त्यातलं आयोडीन मोकळं करतो आणि पाण्यासारखं द्रावण पिवळं होतं. जितका ओझोन जास्त, तितका पिवळा रंग गडद. गच्चीवर बंदी असलेल्या समीक्षाला मी मुद्दाम हाताशी घेतलं. जाऊबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, सरकारी काम आहे. त्या बाजूला झाल्या.

अर्ध्या तासात द्रावण हळदीच्या पाण्यासारखं दिसायला लागलं. रेल्वेफाटकापलीकडच्या वस्तीत, जिथे अजून ऊनचुना पोचला नव्हता, तिथे माझ्या मैत्रिणीच्या गच्चीवर तेच द्रावण तेवढाच वेळ ठेवलं तर जेमतेम लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूइतकं पिवळं झालं. मग मी केंद्राच्या गच्चीवर गेले आणि हवा ओढणाऱ्या नळीला बारा फूट पाइप जोडून तिचं तोंड वर नेलं. ती चाळीस टक्क्यांची घट गायब झाली. गावाची हवा कधी साफ झालीच नव्हती. माझी नळी त्या भिंतीला नाक लावून श्वास घेत होती, एवढंच. तिला साफ केलेला तो हातभर थर मिळत होता आणि त्याच्यावर माझी सही होत होती.

बाकीचं रसायन मी आठवड्यात जुळवलं. भिंतीला चिकटलेलं नायट्रेट पावसाने धुऊन जावं, अशी सगळी योजना होती. आमच्याकडे पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने ते तिथेच साचत जातं. त्याच्यावर ऊन पडलं की त्याच हावऱ्या कणांच्या संगतीत त्याचा काही भाग नायट्रस आम्ल होऊन पुन्हा हवेत उठतो. ते आम्ल उन्हात फुटतं, त्यातून नायट्रोजनचा ऑक्साइड परत येतो आणि हवेत आणखी हायड्रॉक्सिल सुटतं. गाड्यांचा आणि खाणींचा धूर आयता हजर. दुपारपर्यंत त्याचा ओझोन आणि फॉर्मॅल्डिहाइड तयार. वर त्या कणांना भेद कळत नाही. त्यांना धरून ठेवणारा रंगाचा चिकही ते खातात. गेल्या उन्हाळ्यात तो टिकून होता, यंदा संपला. रंग मग भुकटी होऊन सुटतो आणि वाऱ्यावर निघतो, आणि प्रत्येक कण आपली हाव बरोबर घेऊन जातो. जिथे बसेल तिथे जे मिळेल ते जाळतो. काजळी मिळाली तर काजळी, पापडातलं तेल मिळालं तर तेल. आपल्या नाकात बसला तर काय करत असेल, याचा विचार करून मी त्या दिवशी तीन वेळा नाक धुतलं. आमच्या गल्लीत दोन वर्षांपासून दुपारचा म्हणून एक वेगळा खोकला होता. लहान पोरांना शाळेतून आल्यावर व्हायचा आणि ऊन उतरलं की थांबायचा. आम्ही त्याला उन्हाळी खोकला म्हणत होतो.

दुसऱ्या टप्प्यात ऊनचुना जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा, अंगणवाड्या आणि दवाखान्यांवर लागणार होता. त्यासाठी राज्याची समिती जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार होती, आणि तिला हवा सुधारल्याचं केंद्राचं प्रमाणपत्र हवं होतं. त्याच्या खाली माझी सही.

मी सरांच्या घरी गेले. एका पुडीत पापड आणि दोन काचेच्या नळ्या घेऊन गेले. सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं, मधे चहा मागवला. मला वाटलं होतं ते हादरतील, निदान नळ्या उजेडात धरून बघतील. त्यांनी टेबलाच्या खणातून एक आलेख काढून माझ्यासमोर ठेवला. तीन वर्षांपूर्वीची तारीख. कोरडी हवा, साचलेलं नायट्रेट, दिवा लावला की नायट्रस आम्लाची रेघ सरळ वर गेलेली. मला वाटतं, तो आलेख त्यांनी दाखवला तो केवळ हे आधी मी शोधलं असं होऊ नये म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

मी विचारलं, मग हे सांगितलं का नाही. ते म्हणाले की प्रत्येक नवी गोष्ट सुरुवातीला थोडी घाण करतेच, दुसऱ्या टप्प्यात चिक बदलू. मी पापडांबद्दल विचारलं, समितीपुढे बायकांनी तक्रार केली तर काय. समीक्षाचं मी त्यांना आधीच सांगून बसले होते.

सरांनी कप खाली ठेवला. "त्यांनी कारण शोधलेलंच आहे की," ते म्हणाले. "मी कशाला त्यांच्या श्रद्धेच्या आड येऊ?"

पंचवीस वर्षं मी या माणसाला पायाला हात लावून नमस्कार करत आले होते. त्यांच्या चहाचा घोट तोंडात होता, तो गिळवेना. मी उठले, पापडांची पुडी तिथेच विसरले, आणि गेटपाशी आल्यावर गटारात थुंकले.

घरी येऊन मी जाऊबाईंना आव्हान दिलं. नवीन पीठ मळा, म्हटलं. अर्धे पापड समीक्षाने लाटायचे, तिच्या त्याच चार दिवसांत, आणि फाटकापलीकडच्या गच्चीवर तिनेच वाळत घालायचे. उरलेले अर्धे तुम्ही लाटा, आपल्या गच्चीवर घाला, आणि तिला जिन्यातही येऊ देऊ नका. जाऊबाई तयार झाल्या. मी हरणार याची त्यांना खात्री होती, आणि मला हरवायची संधी त्यांनी आजवर कधी सोडलेली नाही.

पाचव्या दिवशी दोन्ही डबे स्वयंपाकघरात आले. समीक्षा उंबऱ्याबाहेर उभी होती. जाऊबाईंनी आधी तिचा डबा उघडून नाकाशी नेला, बराच वेळ धरला. मग स्वतःचा उघडला आणि झटकन मान फिरवली. दोन्ही डब्यांची झाकणं लावली. माझ्या सगळ्या नळ्या आणि आकडे मी त्यांना समजावून सांगितले होते, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. त्यांचा स्वतःच्या नाकावर विश्वास होता.

समितीचं जेवण नगरपालिकेच्या सभागृहात होतं, आणि ते आमच्या गल्लीकडेच होतं, कारण कौसल्याबाईंच्या हातचं म्हणजे गावाची शान. समितीत पाच जण होते. अध्यक्षा नागपूरच्या वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. सर त्यांच्या शेजारी बसले होते. प्रमाणपत्र माझ्या पर्समध्ये होतं, कोरं. सर दोनदा माझ्याकडे बघून हसले.

जाऊबाई पापडांची परात घेऊन आल्या तेव्हा मला वासावरूनच कळलं की डबा कुठला आहे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. प्रत्येकाच्या ताटात एकेक पापड पडला. एका सदस्याने तुकडा मोडला, तोंडात घातला आणि रुमाल तोंडाशी नेला. दुसऱ्याने ताट सरकवलं. अध्यक्षाबाईंनी पापड हुंगून विचारलं, हे असं कसं झालं. जाऊबाई म्हणाल्या, सरांना विचारा, आमच्या गच्चीवर त्यांचाच चुना आहे.

सरांनी आपला पापड उचलला आणि अख्खा खाल्ला. सावकाश, चावून चावून. "मला तर चांगला लागतो," ते म्हणाले.

"मंग अजून घ्या ना सर," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात दुसरा वाढला.

सरांनी तोही खाल्ला. तिसरा वाढला. त्यांच्या ओठांना तेल लागलं होतं, कपाळावर घाम आला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खात होते. शास्त्र जाणणारा एक माणूस आपलं खोटं इतक्या जवळून चावताना मी कधी पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. चौथा पापड पडला तेव्हा त्यांचा हात ताटावरच थांबला. ते माझ्याकडे वळले.

"इंदू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "दुसरा हात तुझा होता."

"हो सर," मी म्हटलं. "म्हणूनच सही करत नाही."

मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नळी रंगापासून हातभर होती, गच्ची रंगवताना मी तिथे होते, मीही कुंचला मारला, चोवीस अहवालांवर माझी सही आहे आणि ते सगळे चुकीचे आहेत. सरांच्या आलेखाचंही सांगितलं. अध्यक्षाबाईंनी कोरं प्रमाणपत्र माझ्याकडून मागून घेतलं आणि सरांना म्हणाल्या की तो आलेख आजच बघायला आवडेल. सर उठून हात धुवायला गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

दुसरा टप्पा थांबला. मला निलंबित केलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सरांचा सत्कार ठरला होता तो रद्द झाला नाही, फक्त पुढे ढकलला, यावरून काय ते समजा. अर्ध्या गावाचा ऊनचुना मात्र जिथे होता तिथेच आहे. खरवडावा तर भुकटी उडते, राहू द्यावा तर उन्हात जागा होतो. त्याच्यावर दुसरा रंग चढवायचं पालिकेच्या विचाराधीन आहे, असं ऐकते.

जाऊबाईंनी समीक्षाची माफी मागितली नाही. त्यांनी गल्लीत सांगून टाकलं की विटाळ पोरीचा नव्हता, चुन्याचा होता. आता बायका चैत्रात गच्चीवर गोमूत्र शिंपडतात आणि वाळवण फाटकापलीकडे नेतात. मी कपाळावर हात मारला. पण समीक्षा स्वयंपाकघरात आली, आणि एवढ्यापुरतं मी तोंड बंद ठेवलं.

काचेच्या नळ्या आता तिच्याकडे आहेत. ती रोज दुपारी दोन वाजता गच्चीवर जाते, पंप लावते आणि द्रावणाचा रंग वहीत लिहून अध्यक्षाबाईंना पाठवते. पहिली नोंद तिने मुद्दाम तिच्या चार दिवसांत घेतली. जाऊबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, बाजूला झाल्या नाहीत, पण अडवलंही नाही. अर्ध्या तासाने समीक्षाने पिवळी झालेली नळी त्यांच्या हातात दिली. जाऊबाईंनी ती उन्हात धरून बघितली आणि पदराने नाक झाकून घेतलं.